ॲपमधून डाउनलोड केलेली गाणी ट्रॅक्टरच्या टेपवर का वाजत नाहीत?

कपाशीवाला, पारोळा
रामराम मंडळी. एका ॲपचे वर्षाचे पैसे भरले आणि भरपूर गाणी डाउनलोड करून ठेवली. वावरात रेंज नाही, म्हणून ट्रॅक्टरला पेनड्राइव्हचा टेप बसवलाय. पण फोनमध्ये गाणी सापडतच नाहीत. एका फोल्डरात चित्रविचित्र नावांच्या फाइली दिसल्या, त्यातल्या एकीला शेवटी .एमपी३ लावून पाहिलं. टेप ढिम्म.

दुसरं म्हणजे, आजीच्या आवाजातली आखाजीची आणि कानबाईची गाणी कॅसेटवर आहेत. स्टँडजवळचा मेमरी कार्डवाला म्हणतो, "६४ च्या एमपी३ मध्ये करून देतो, जागा कमी लागते." देऊ का?

रेकॉर्डिंगवाला, जळगाव
आधी कॅसेटचं बोलू, ॲपचं थांबू शकतं. ६४ मध्ये अजिबात नको. हा आकडा म्हणजे बिटरेट, गाण्याच्या एका सेकंदाला किती किलोबिट माहिती ठेवायची ते.

मोठ्या आवाजाखाली दबलेला बारीक आवाज कानाला कळत नाही, असं धरून एमपी३ तो टाकूनच देतं. म्हणून सीडीवर ५३ एमबी घेणारं पाच मिनिटांचं गाणं १२८ च्या एमपी३ मध्ये ५ एमबीच्या आत बसतं. पण जुन्या कॅसेटला खरखर असते. कमी बिटरेटला ती खरखर पाण्यातून आल्यासारखी बुडबुडते आणि आजीचा आवाजही सोबत नेते. एकदा टाकलेलं परत येत नाही, नंतर ३२० केलं तरी फक्त फाइल फुगते.

फ्लॅक करा, त्यात आवाजातलं काही न टाकता फाइल लहान होते. जिनिंगला रुईची गाठ दाबतात तसं ते, सोडली की रुई तेवढीच. कॅसेट प्लेयरची तार लॅपटॉपला जोडा, ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरात ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटला रेकॉर्ड करा. त्यातून टेपसाठी १९२ ची एमपी३ वेगळी काढा. पेनड्राइव्ह फॅट३२ ला (फाइली मांडायची एक पद्धत) फॉरमॅट करा, स्वस्तातले टेप बहुधा तेवढंच वाचतात.

ॲपचं असं की त्या फाइलींना डीआरएमचं, म्हणजे नक्कल रोखणारं, कुलूप आहे. किल्ली ॲपकडे, म्हणून नाव बदलून काही होत नाही. मधूनमधून नेट लावावं लागतं आणि वर्गणी संपली की गाणी गप्प. तुम्ही भाडं भरलंय, खरेदी नाही. आयट्यून्सवर २००३ पासून विकत घेतलेल्या गाण्यांनाही कुलूप असायचं, ॲपलने २००९ मध्ये ते काढलं. आज गाणं विकत घेऊन उतरवलं तर बहुतेक ठिकाणी साधी फाइल मिळते.

कॉलेजकुमार, धुळे
कुलूप काढायचे सॉफ्टवेअर मिळतात की. लिंक टाकू?

रेकॉर्डिंगवाला, जळगाव
इथे नको. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आलंय. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. मेमरी कार्डवाल्याचा धंदाही काही स्वच्छ नाही, पण त्याच्या फाइलींना कुलूप नसतं, म्हणून वाजतात.

कपाशीवाला, पारोळा
समजनं भाऊ. ॲपची गाणी फोनवरूनच ऐकतो, फोन टेपला जोडायला ऑक्सची तार लागते असं दिसतंय. पण कॅसेट मध्येच अडकते, फीत वळलेली आहे. चालवू का आधी दुरुस्त करू?

रेकॉर्डिंगवाला, जळगाव
तशी चालवू नका, तुटेल. खालून स्क्रू आहेत का बघा. असतील तर फीत दुसऱ्या खोक्यात घालता येते. नसतील तर जळगावला आलात की घेऊन या, मेलवर नंबर पाठवतो.