टाळेबंदी आणि लसीकरण: वस्तीत, पाड्यावर आणि वॉर्डात प्रत्यक्ष काय घडले?

धागाकर्ता, निवृत्त वैद्यकीय अधिकारी, सातारा जिल्हा

कोविडच्या साथीमुळे २४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि चार तासांत ती लागूही झाली. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरणास सुरुवात झाली. या दोन उपायांविषयी आजही जी चर्चा होते, तिच्यात टाळेबंदीनेच देश वाचला असे म्हणणारे एका बाजूला आणि गरीब देशाला टाळेबंदी परवडतच नाही असे म्हणणारे दुसऱ्या बाजूला असतात. ज्यांनी हे दोन्ही उपाय राबवले किंवा सोसले, त्यांचे म्हणणे मात्र फारसे कोणी लिहून ठेवलेले नाही. म्हणून हे निमंत्रण देत आहे. कृपया आपण स्वतः जे पाहिले तेच लिहावे.

प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना माझे जे मत बनले ते आधी सांगतो. टाळेबंदीने साथ थांबत नाही, तिचा वेग मंदावतो आणि थोडी उसंत मिळते. मार्च २०२० मध्ये आमच्याकडे पुरेसे मास्क नव्हते, पीपीई किट आम्ही केवळ चित्रात पाहिले होते आणि घशातील स्रावाचा नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे पाठवून अहवालाची वाट पाहावी लागत होती. त्या उन्हाळ्यात आम्हाला प्रशिक्षण मिळाले, साहित्य आले आणि तालुक्याच्या ठिकाणी प्राणवायूच्या खाटा उभ्या राहिल्या. रुग्णांची लाट याआधी आली असती तर आम्ही काहीही करू शकलो नसतो. तरीही ही उसंत फुकट मिळालेली नव्हती. ज्यांनी तिची किंमत मोजली ते वेगळेच लोक होते, आणि त्यांनी येथे लिहावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

धारावी, मुंबई. घरोघरी तपासणीच्या पथकातील डॉक्टर

धारावीत पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० रोजी सापडला. अडीच चौरस किलोमीटरपेक्षाही कमी जागेत येथे आठ लाखांहून अधिक माणसे राहतात. दहा बाय दहाच्या खोलीत सात-आठ जण, वर पोटमाळा, आणि बहुतेकांना सार्वजनिक शौचालयावाचून पर्याय नाही. अशा ठिकाणी घरात राहणे म्हणजे एकमेकांच्या श्वासात राहणे. बाहेर पोलिसांचा बंदोबस्त कितीही कडक असला तरी सकाळी शौचालयाची रांग लागणारच होती आणि पाण्याच्या वेळेला नळावर गर्दी होणारच होती. म्हणून आमच्या दृष्टीने टाळेबंदी हा उपाय नव्हता, ती केवळ पार्श्वभूमी होती.

उपाय वेगळाच होता. रुग्ण आमच्याकडे येण्याची वाट न पाहता आम्हीच त्यांच्या दारात जात होतो. वस्तीतील खाजगी दवाखाने भीतीने बंद झाले होते. त्या डॉक्टरांना संरक्षक पोशाख देऊन बरोबर घेतले गेले, कारण लोकांचा विश्वास सरकारी पथकावर नसून गल्लीतल्या आपल्या डॉक्टरवर होता. ताप तपासणारी शिबिरे, बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आणि दिवसातून अनेकदा शौचालयांचे निर्जंतुकीकरण हे सारे एकाच वेळी चालले. संशयितांना शाळांमध्ये आणि क्रीडा संकुलात हलवण्यात आले, तर निसर्ग उद्यानाजवळ २०० खाटांचे केंद्र काही आठवड्यांत उभे राहिले. विलगीकरणात वेळेवर जेवण आणि औषध मिळते ही बातमी वस्तीत पसरल्यावरच लोक लक्षणे लपवायचे थांबले. जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा उल्लेख केला, तेव्हा आमच्या पथकातील स्वयंसेविकांच्या डोळ्यांत पाणी आले होते.

तरीही दोन गोष्टी प्रामाणिकपणे नोंदवल्या पाहिजेत. पहिली अशी, की मे महिन्यात मोठ्या संख्येने परप्रांतीय कामगार गावी परतले आणि खोल्यांमधील दाटी कमी झाली. त्याचा लाभ आमच्या कामाला झाला. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. जुलै २०२० मध्ये मुंबईतील तीन प्रभागांत जे रक्त तपासणीचे सर्वेक्षण झाले, त्यात झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण, आढळली आणि इमारतींमधील सुमारे १६ टक्के लोकांच्या. धारावी त्या तीन प्रभागांत नव्हती, परंतु चित्र स्पष्ट होते. एकाच शहरात, एकाच आदेशाखाली, इमारतीत राहणाऱ्याला टाळेबंदीने संसर्गापासून बऱ्याच प्रमाणात वाचवले आणि झोपडीत राहणाऱ्याला जवळजवळ वाचवलेच नाही.

बीड जिल्हा. जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक

डॉक्टरताईंनी लिहिलेला शेवटचा परिच्छेद वाचून आमच्या ऊसतोड कामगारांविषयी लिहावेसे वाटले.

दिवाळीनंतर आमच्या तालुक्यातील निम्मी गावे रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात. मार्च संपताना हंगाम आवरत असतो आणि माणसे परतीच्या तयारीत असतात. नेमक्या त्याच वेळी जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. लाखाहून अधिक कामगार, त्यांची मुले आणि बैल कारखान्यांच्या आवारात व उसाच्या फडांजवळील कोपींत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, अडकून पडले. फड संपल्यामुळे काम नव्हते. रेशनकार्ड गावाकडचे असल्यामुळे तेथील दुकानातून धान्य मिळत नव्हते. काही कारखान्यांनी किराणा दिला, काहींनी दिला नाही. बैलांच्या वैरणीचा विचार तर कोणत्याही आदेशात नव्हता. आमच्या शाळेत पाचवीत असलेली एक मुलगी आईवडिलांबरोबर गेली होती. तिच्या आजीने रोज शाळेच्या ओट्यावर येऊन मला एकच विचारावे, "गुरुजी, लेकरं कधी येतील?"

राज्य सरकारने १७ एप्रिल रोजी वैद्यकीय तपासणी करून कामगारांना गावी सोडण्याची परवानगी दिली. ट्रॅक्टर आणि ट्रक भरून माणसे आली तेव्हा आम्हा शिक्षकांची नेमणूक तपासणी नाक्यावर होती. गावांनी त्यांना लगेच आत घेतले नाही. काही शाळेत राहिली, काही शिवारात झाडाखाली राहिली. ज्या गावात सरपंचाने पहिल्याच दिवशी शाळेत पाणी, चूल आणि धान्य पोहोचवले, तेथील माणसे कुरकुर न करता पूर्ण मुदत राहिली. जेथे केवळ नोटीस चिकटवली गेली, तेथे लोक रात्री घरी जात राहिले. त्यांना दोष देण्याचे मला काहीच कारण दिसत नाही.

याच काळात, ८ मे रोजी पहाटे, जालन्याहून रुळांच्या कडेने पायी निघालेले सोळा मजूर करमाडजवळ मालगाडीखाली सापडून मरण पावले. श्रमिक रेल्वेगाड्या १ मेपासून सुरू झाल्या होत्या. टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यात, संसर्ग मोठ्या शहरांच्या काही भागांपुरता मर्यादित असताना, या लोकांना तपासून घरी पोहोचवले असते तर रोगही कमी पसरला असता आणि माणसेही वाचली असती, हे माझे ठाम मत आहे. चार तासांची मुदत हा साथशास्त्राचा नियम नव्हता, तो प्रशासनाचा निर्णय होता.

भिवंडी. यंत्रमाग कामगार

मी थोडक्यात लिहितो. आम्हाला मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर मिळते. माग बंद, मजुरी बंद. शासनाचे तांदूळ मिळाले, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे, परंतु खोलीचे भाडे तांदळाने फिटत नाही. पहिल्या टाळेबंदीत मी नियम पाळले. २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा निर्बंध आले तेव्हा हातात काहीही शिल्लक नव्हते, म्हणून मिळेल ते काम शोधायला बाहेर पडलो. एकच माणूस दोन वेळा दोन प्रकारे का वागतो, याचा विचार नियम करणाऱ्यांनी करावा.

नंदुरबार जिल्हा. आरोग्यसेविका, सातपुड्यातील उपकेंद्र

येथे टाळेबंदीविषयी बरेच लिहिले गेले आहे. मी लसीविषयी लिहिते, कारण आमच्या धडगाव-अक्कलकुवा भागात टाळेबंदी मुळात निसर्गानेच घातलेली आहे. एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जायला डोंगर उतरून पुन्हा चढावा लागतो, आणि नर्मदेच्या फुगवट्याकाठच्या गावांना बोटीशिवाय वाट नाही.

लस दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते. आरोग्य केंद्रातील शीतपेटीतून ती बर्फाच्या पिशव्या घातलेल्या डब्यात भरून आम्ही सकाळी निघायचो. कोविशिल्डच्या एका कुपीत दहा डोस असत आणि कुपी उघडल्यावर चार तासांत ते संपवावे लागत. शहरात हा प्रश्न येत नाही. पाड्यावर मात्र सहा माणसे तयार झाली की मनात हिशेब सुरू होई. कुपी उघडली तर चार डोस वाया जाणार, न उघडली तर ही सहा माणसे पुन्हा तयार होतील याची खात्री नाही. मी कुपी उघडत असे. हातात आलेला माणूस परत पाठवणे हे डोस वाया जाण्यापेक्षा मोठे नुकसान आहे, असे मी वरिष्ठांना स्पष्ट सांगितले आणि त्यांनी ते मान्य केले.

नोंदणी कोविन संकेतस्थळावर करायची होती, परंतु पाड्यावर मोबाइलला रेंज नसे. नावे वहीत लिहून रात्री केंद्रावर येऊन भरायची. लस घेतल्यावर माणूस मरतो, मूल होत नाही, अशा अफवा आमच्या आधीच पोहोचलेल्या होत्या. मराठीतील भाषणाचा काही उपयोग झाला नाही. गावातील आशा कार्यकर्त्या तेथील पावरी भाषेत बोलू लागल्या आणि गावच्या पोलीस पाटलाने सर्वांसमोर दंडावर सुई घेतली, तेव्हा लोक पुढे आले. लोकांना अडाणी म्हणणाऱ्यांना मी एक सांगू इच्छिते. अनेकांचा नकार अफवेमुळे नव्हता. लस घेतल्यावर दोन दिवस ताप येतो आणि पेरणीच्या दिवसांत दोन दिवस घरी बसणे परवडत नाही, हे त्यांचे कारण होते. ते समजल्यावर आम्ही पेरणी आटोपल्यावर गेलो, संध्याकाळी गेलो, सोबत तापाच्या गोळ्या दिल्या. पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘मिशन कवच कुंडल’ आणि नंतर ‘हर घर दस्तक’ आले, तेव्हा शासनानेही घरोघरी जाण्याचा मार्ग स्वीकारला. औरंगाबाद जिल्ह्यात त्या काळात लस नसेल तर पेट्रोल व रेशन नाही असा आदेश निघाला होता. त्याने आकडे वाढले असतील, परंतु माझ्या पाड्यांवर तसे केले असते तर पुढच्या वेळी बाळाच्या लसीसाठीही दार उघडले गेले नसते.

पुणे. खाजगी नोकरी

ताईंच्या लिखाणाला जोड म्हणून लिहीत आहे. १ मे २०२१ पासून अठरा वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली आणि संकेतस्थळावर काही सेकंदांत जागा भरू लागल्या. आमच्यासारखे वेगवान इंटरनेट असलेले लोक मुळशी, वेल्हे अशा तालुक्यांतील केंद्रांवर मोटारीने जाऊन लस घेऊन आले, आणि त्या गावचे लोक फाटकाबाहेर उभे राहून पाहत होते. जगातील सर्वांत मोठा लस कारखाना आमच्या शहरात आहे, तरीही मे महिन्याच्या मध्यावर साठ्याअभावी राज्याला अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाचे लसीकरण थांबवावे लागले. कोविशिल्डच्या दोन डोसांमधील अंतरही तेव्हाच बारा ते सोळा आठवडे झाले. लस बनवण्याची क्षमता असणे आणि वेळेवर पुरेशी मागणी नोंदवून ती विकत घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अमरावती. परिचारिका

दुसरी लाट आमच्या जिल्ह्याने सर्वांच्या आधी पाहिली. २०२१ च्या फेब्रुवारीतच येथे पुन्हा टाळेबंदी लागली होती. नंतर डेल्टा म्हणून ओळखला गेलेला प्रकार तेव्हा पसरत होता, हे आम्हाला ठाऊक नव्हते. आम्हाला केवळ एवढे दिसत होते की घरातील एक जण दाखल झाला की तीन दिवसांत सारे घर येते. एप्रिलमध्ये वॉर्डात जमिनीवर गाद्या टाकल्या होत्या.

त्या काळातील एक निरीक्षण मी विसरू शकत नाही. आम्हा कर्मचाऱ्यांना जानेवारीपासून लस मिळालेली होती. एप्रिलमध्ये आमच्यापैकी अनेक जण बाधित झाले, तापले, घरी राहिले आणि कामावर परत आले. आमच्याच वयाची, लस न मिळालेली माणसे मात्र समोरच्या खाटांवर प्राणवायूवर होती. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉन आला तेव्हा बाधितांची संख्या प्रचंड होती, तरी आमचा अतिदक्षता विभाग भरला नाही. ओमायक्रॉन मुळातच सौम्य होता आणि अनेकांना आधी संसर्ग होऊन गेला होता, हे मला मान्य आहे. तरीही तेव्हा अत्यवस्थ होऊन आलेल्या वृद्धांच्या नातेवाइकांना मी लसीविषयी विचारत असे, आणि बहुतेक वेळा उत्तर नकारार्थी येई.

मृत्यूच्या आकड्यांविषयीही लिहिले पाहिजे. अधिकृत नोंदीप्रमाणे देशात सुमारे ५ लाख ३० हजार मृत्यू झाले. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात ४७ लाख अतिरिक्त, म्हणजे नेहमीच्या प्रमाणाहून जास्त, मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे आणि केंद्र सरकारने तो नाकारला आहे. कोणता आकडा खरा हे ठरवण्याचा माझा अधिकार नाही. परंतु खाट न मिळाल्यामुळे जे परत गेले आणि घरीच वारले, ते आमच्या नोंदवहीत नाहीत, हे मी स्वतः पाहिलेले आहे.

गोवंडी, मुंबई. नियमित लसीकरणाचे काम करणारी आरोग्यसेविका

येथे सर्व अनुभव एका विषाणूविषयी आहेत. मला दुसऱ्याविषयी लिहायचे आहे. २०२० च्या टाळेबंदीत बालकांच्या लसीकरणाची सत्रे काही काळ बंद पडली, आणि सुरू झाल्यावरही मातांनी भीतीने येणे टाळले. अनेक कुटुंबे गावी गेली, परत आली, आणि त्यांची बाळे आमच्या यादीत राहिली नाहीत. आम्हा सर्वांना कोविडच्या कामाला लावलेले होते. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये याच वस्त्यांत गोवराचा उद्रेक झाला आणि त्यात लहान मुले दगावली. अंगावर पुरळ उठलेल्या ज्या बाळांच्या घरी मी गेले, त्यांतील कितीतरी बाळांची लसीकरण कार्डे कोरी होती. क्षयरोगाचेही तसेच झाले. देशात २०१९ मध्ये सुमारे २४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती, ती २०२० मध्ये सुमारे १८ लाखांवर आली. रुग्ण कमी झाले नव्हते, ते शोधले गेले नव्हते.

धागाकर्ते सरांनी उसंतीची किंमत कोणी मोजली असे विचारले आहे. त्यात या मुलांचीही नोंद करावी. यापुढे कधी टाळेबंदीचा आदेश काढावा लागला, तर बाळांची लस, क्षयाची औषधे आणि बाळंतपण यांसाठी लागणारे कर्मचारी दुसऱ्या कोणत्याही कामावर पाठवू नयेत, हे त्याच आदेशाच्या पहिल्या कलमात लिहिलेले असावे, अशी माझी मागणी आहे.