दात साफ करून आणले, आता ब्रश केला की रक्त येतंय. थांबवू का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. वय ४६, मिरजेत राहते, शाळेत शिकवते, म्हणजे दिवसभर तोंड चालूच. गेल्या शनिवारी दातांचं कीटण काढून घेतलं. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूनं एवढं निघालं की ट्रेमधले तुकडे बघून मलाच लाज वाटली. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही ब्रश चुकीचा करता." आणि हातात एक छापील कागद दिला. त्यावर लिहिलंय, '४५ अंशात ब्रश धरा'. आता मी आरशासमोर कोनमापक घेऊन उभी राहू का? विचारायला गेले तर पुढचा पेशंट खुर्चीत बसला होता.

चार दिवस कागदाप्रमाणे करतेय. थुंकी लालसर येते. शिवाय पुढच्या दातांत फटी पडल्यासारख्या वाटतात आणि गार पाण्यानं सणक जाते. सासूबाई म्हणतात, "मशीन लावून दात हलवून ठेवले तुझे. मी बघ, सत्तर वर्षं ब्रश लावला नाही." (त्या मशेरी लावतात. दिवसातून तीनदा.)

ब्रश मी कायम हार्ड घेते. मऊ ब्रशनं काही घासल्यासारखंच वाटत नाही. फक्त तीन आठवड्यांत तो पार पिंजारतो. तर रक्त थांबेपर्यंत ब्रश बंद ठेवावा का? आणि ते ४५ अंश म्हणजे नक्की काय?

रिकामटेकडा

ताई, आमचे आजोबा बाभळीची काडी चावायचे आणि ८५ व्या वर्षी ऊस सोलून खायचे. ब्रश, पेस्ट ही सगळी कंपन्यांची कमाई. बाकी चालू द्या.

खुर्चीशेजारी

रिकामटेकडा, तुमचे आजोबा काडी अर्धा तास चावत ओट्यावर बसायचे. तुम्ही ब्रश किती वेळ करता? घड्याळ लावून बघा आणि मग बोला.

कृष्णाकाठताई, मी डेंटल हायजिनिस्ट आहे. एकोणीस वर्षं डॉक्टरांच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसून लोकांचं कीटण काढते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे ब्रश बंद करू नका. रक्त ब्रशमुळे येत नाही, हिरडी सुजलेली आहे म्हणून येतं, आणि ती सुजते तिच्या कडेला रोज साचणाऱ्या चिकट थरामुळे. रक्त दिसलं म्हणून लोक नेमकी तीच जागा सोडून घासतात, थर वाढतो, सूज वाढते आणि आणखी रक्त येतं. नीट ब्रश केलात तर साधारण एक-दोन आठवड्यांत रक्त कमी व्हायला हवं. नाही झालं तर परत दाखवा. शुगर तपासली नसेल तर तीही तपासून घ्या, आणि रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा.

फटी मशीननं पाडल्या नाहीत. तिथं कीटण भरलेलं होतं, ते निघालं. वर सुजलेली हिरडी ओसरून जागेवर बसली. भिंतीवरचा फुगलेला रंग खरवडला की खालची चीर दिसते, तसं. सणकही त्यामुळेच. आजवर झाकलेला भाग उघडा पडलाय. सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट आणा आणि रात्री ब्रश झाल्यावर थोडी बोटानं दुखऱ्या जागी लावून ठेवा. सहसा काही दिवसांत सणक कमी होते.

कीटण नेमकं खालच्या पुढच्या दातांच्या आतच का? जिभेखाली लाळेच्या ग्रंथींची तोंडं तिथंच उघडतात. लाळेतला चुना साचलेल्या थरावर बसतो आणि दगड होतो. वरच्या दाढांना गालाकडून होतं तेही त्याच कारणानं. एकदा दगड झाला की कुठलाही ब्रश तो काढू शकत नाही, हार्ड तर नाहीच. थर मऊ आहे तोवरच आपला खेळ.

आता ४५ अंश. कोनमापक राहू द्या. आमच्याकडे पेशंटला मी घरचा ब्रश घेऊन यायला सांगते, हातात आरसा देते आणि म्हणते, "घरी करता तसं करा." दहातले नऊ जण ब्रश मुठीत धरतात, उजवीकडून डावीकडे करवतीसारखा ओढतात आणि ज्या बाजूला सोयीचं तिथंच निम्मा वेळ घालवतात. ब्रश पेनसारखा धरा, चिमटीत. मूठ आली की जोर आलाच. केसांची टोकं दात आणि हिरडी जिथं भेटतात त्या रेषेवर टेकवा, अशी की निम्मे केस हिरडीवर आणि निम्मे दातावर, केसांची टोकं हिरडीकडे तिरकी. हेच ते ४५ अंश. म्हणजे खालच्या दातांना खाली, वरच्यांना वर. एवढंच दाबा की हिरडी जराशी पांढरी पडेल. मग ब्रश तिथून न हलवता जागच्या जागी थरथरवा. आकडे मोजायचे असतील तर दहा-पंधरा. नंतर मनगट फिरवून केस दाताच्या टोकाकडे ओढून घ्या. दोन दात झाले. सरका पुढे. आधीची जागा थोडी पुन्हा धरा, म्हणजे मधली फट सुटत नाही.

खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू, म्हणजे तुमचा तो ट्रे भरला ती जागा. तिथं ब्रश आडवा मावतच नाही. उभा धरा आणि ब्रशच्या टोकाचे केस एकेका दातावर फिरवा. शेवटच्या दाढेला मात्र 'आ' करू नका. मोठा आ केला की गाल ताणून दाढेला चिकटतो. तोंड अर्धं मिटा, खालचा जबडा त्याच बाजूला सरकवा, की ब्रश आत शिरायला जागा होते. ही गोष्ट सांगितली की लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. चाळीस वर्षं तिथं ब्रश पोचलेलाच नसतो.

ही पद्धत कुणा दंतवैद्याची नाही बरं का. न्यू ऑर्लीन्सच्या डॉ. चार्ल्स बास यांची. मूळचे मलेरियावर काम करणारे डॉक्टर. १९५४ साली त्यांनी ती मांडली आणि आजही आम्हाला शिकवतात ती तीच, थोडी सुधारून.

हार्ड ब्रश आजच काढा. बूट पुसायला, नळाभोवतीचा शेवाळ काढायला उत्तम. आमच्याकडे एक गृहस्थ येतात, "घासल्याशिवाय समाधान होत नाही" म्हणणारे. डाव्या सुळ्याच्या मुळाशी खाच पडली आहे, नखाची कड अडकेल एवढी. डावाच का, तर ते उजव्या हातानं ब्रश करतात आणि सुरुवात तिथून. ताजा जोर सगळा त्या सुळ्यावर. तुमचा ब्रश तीन आठवड्यांत पिंजारतो, हाच तुमच्या जोराचा पुरावा. सॉफ्ट घ्या, छोट्या डोक्याचा. तीन-चार महिने टिकला पाहिजे.

वेळ दोन मिनिटं, दोनदा. रात्रीचा चुकवू नका, झोपेत लाळ कमी होते. पेस्टमध्ये फ्लोराइड असावं, त्याचा पीपीएमचा (म्हणजे दहा लाख भागांत किती भाग) आकडा ट्यूबवर छापलेला असतो. आपल्याकडे १००० ची मर्यादा आहे. ब्रश झाला की थुंका, पण खळखळून चूळ भरू नका, सगळं फ्लोराइड बेसिनमध्ये जातं. (आपल्या लोकांना हे मुळीच पटत नाही. घशापर्यंत बोटं घालून आवाज केल्याशिवाय सकाळ झाली असं वाटतच नाही.)

कृष्णाकाठ

बाई गं, चार दिवसांत तो कागद कळला नाही तो आता कळला. दाढेची युक्ती लगेच बेसिनवर जाऊन केली. खरंच शिरतो ब्रश!

दोन शंका. वरच्या मागच्या दाढांच्या आतून ब्रश नेला की ओकारी येते. आणि सासूबाईंचं काय करू? आमच्याकडे त्यांच्या मशेरीचा तवा वेगळा आहे. भाजायला बसल्या की अख्खं घर खोकतं.

खुर्चीशेजारी

ओकारीला पेस्ट कमी. मटारच्या दाण्याएवढी पुरते, जाहिरातीतली लाट नको. फेस घशाकडे गेला की उमासा येतो. लहान मुलांचा ब्रश वापरून बघा, मान किंचित खाली ठेवा, श्वास नाकानं घ्या, आणि त्या दाढा शेवटी करा.

मशेरीबद्दल गुळगुळीत बोलत नाही. ती दात घासायची वस्तू नाही, हिरडीतून चढणारी तंबाखू आहे. तीनदा लावतात म्हणजे तलफ आहे. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, पण घरच्या तव्याला कोण विचारतो? वाद घालू नका, नुसतं एकदा खिडकीच्या उजेडात त्यांचे गाल आतून, जिभेच्या कडा आणि ओठामागची हिरडी बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, तोंड पूर्वीएवढं न उघडणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका. सोडायची तयारी दाखवली तर तंबाखूच्या पुडीवर मदतीचा फोन नंबर छापलेला असतो, तो फुकट आहे.

पायरीवरचा

मध्येच बोलतो. वडिलांच्या उजव्या हाताला अर्धांगानंतर पकड राहिली नाही. ब्रश निसटायचा आणि ते चिडायचे. सायकलच्या दुकानातून हँडलची रबरी मूठ आणली, पंधरा-वीस रुपयांची, आणि ब्रशच्या दांड्यावर चढवली. आत जागा राहिली तिथं कापडाची पट्टी गुंडाळली. आता स्वतः करतात. राहिलेलं रात्री मी करतो, त्यांच्या मागे उभा राहून, डोकं माझ्या छातीला टेकवून. समोरून मला कधीच जमलं नाही.

खुर्चीशेजारी

वा! मागूनच करायचं. लहान मुलांचंही तसंच.

कृष्णाकाठ

सोळा दिवस झाले, म्हणून कळवते. रक्त बंद आहे, फक्त खाली डावीकडे दोन दाढांच्या मध्ये अजून येतं. सणक बरीच कमी. नवा ब्रश अजून नव्यासारखा दिसतो, त्यामुळे आपण काही करतोय की नाही अशी शंका येते. वेळ आमच्या कुकरवर मोजते, एका शिट्टीपासून दुसऱ्या शिट्टीपर्यंत. डाळ असली तर जमतं, भाताला कमी पडतं.

सासूबाईंनी गाल बघू दिला, "काय शाळा तपासायला आलीस का" म्हणत. उजव्या बाजूला, मशेरी लावतात तिथंच, पांढुरकं आणि सुरकुतल्यासारखं काहीतरी आहे. दुखत नाही म्हणतात. गुरुवारची वेळ घेतली आहे. तवा अजून आहेच.

खुर्चीशेजारी

गुरुवार चुकवू नका, घरात पाहुणे आले तरी. आणि जाल तेव्हा त्या दोन दाढांमधली फट पण दाखवा. तिथं ब्रशचे केस पोचत नाहीत, दातांमधला बारीक बाटलीब्रशसारखा मिळतो तो लागेल. माप डॉक्टरांकडूनच घ्या. जो जोर न लावता आत जातो आणि किंचित अडतो, तो तुमचा.