मदत हवी आहे: आजोबांचं युफोनियम आणि मुंबईतले जुने ब्रास बँड

नमस्कार मंडळी,
माझे आजोबा लालबागच्या एका ब्रास बँडमध्ये युफोनियम हे मोठं पितळी फुंकवाद्य वाजवायचे. वाद्य अजून घरात आहे. तिसरं बटण दाबलं की वर येत नाही, रुंद तोंडाच्या कडेला मोठा पोचा आलाय. मुंबईत पितळी वाद्यं दुरुस्त करणारा जाणकार कारागीर कोणाला माहीत आहे का? नुसती चकाकी नको, ते वाजायला हवं.

दुसरं, लेकीचा शाळेचा प्रकल्प बँडच्या इतिहासावर आहे. उस्मानी तुर्कांच्या ‘मेहतर’ नावाच्या लष्करी वाद्यपथकांच्या प्रभावाने अठराव्या शतकात मोठा ढोल आणि झांजा युरोपातल्या लष्करी बँडमध्ये रुळल्या, १८४६ मध्ये अडॉल्फ सॅक्सने सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं, इथवर जमलंय. २८ फेब्रुवारी १९४८ ला सॉमरसेट लाइट इन्फन्ट्री ही ब्रिटिश पलटण गेटवे ऑफ इंडियातून मायदेशी निघाली, तेही घेतलंय. पण पलटणीतली ही वाद्यं आपल्या वरातींत आणि गणपतीच्या मिरवणुकांत कशी आली, हेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गिरगाव, लालबाग, परळकडच्या बँडवाल्यांचे जुने फोटो, नोटेशनच्या वह्या किंवा घरातल्या आठवणी असतील तर कृपया कळवा. वादक स्वतः बोलायला तयार असतील तर आम्ही घरी येऊन भेटू.