प्रीमेड: यूटी डॅलसची पूर्ण शिष्यवृत्ती घ्यावी की केस वेस्टर्नची अर्धीमुर्धी?

धागाकर्ती (प्लेनो, टेक्सस)

लेकीला १ मेपर्यंत होकार कळवायचा आहे आणि आमच्या फ्रिजवर दोन पत्रे शेजारी शेजारी लावलेली आहेत. यूटी (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सस) डॅलसने शिक्षणशुल्क पूर्ण माफ केले असून वर राहण्याखाण्यासाठी थोडी रक्कमही देऊ केली आहे. क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्हने वर्षाला ३० हजार डॉलर दिले आहेत. तरीही सगळे धरून आमच्या खिशातून वर्षाकाठी सुमारे ६० हजार, म्हणजे चार वर्षांत २ लाख ४० हजार जाणार.

माझे मत डॅलसच्या बाजूने आहे. 'प्रीमेड', म्हणजे पदवीनंतरच्या मेडिकल स्कूलसाठीची तयारी, ही काही पदवी नव्हे. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, जीवरसायन हे ठरलेले विषय कुठेही घेता येतात आणि मेडिकल स्कूलची प्रवेशपरीक्षा, एमकॅट, सगळ्यांना एकच असते. खरा खर्च मेडिकल स्कूलचा. २०२५ च्या कायद्यानुसार १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचे सरकारी कर्ज मिळणार नाही. बाकीच्या सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलर राहील. आज सगळी पुंजी संपवली तर तेव्हा हात कोणापुढे पसरायचा? यजमानांचे म्हणणे मात्र नेमके उलट आहे.

ओहायोकर

ताई, हिशेब चोख आहे, पण तो मुलगी डॉक्टर होणारच असे गृहीत धरून मांडलेला आहे. प्रीमेड म्हणून आलेली कितीतरी मुले दुसऱ्या वर्षापर्यंत वाट बदलतात, आणि अठराव्या वर्षी घेतलेल्या निर्णयाचा त्यांना दोषही देता येत नाही. तशी वेळ आली तर हाती उरते ती पदवी आणि तिथल्या ओळखी.

शिवाय केस वेस्टर्नच्या वसतिगृहातून युनिव्हर्सिटी हॉस्पिटल्स चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि क्लीव्हलंड क्लिनिकही जवळच. डॉक्टरांसोबत उभे राहून काम पाहणे, प्रयोगशाळेत आठवड्याचे दहा तास देणे, हे गाडीवाचून जमते. यूटी डॅलस रिचर्डसनला, तर यूटी साउथवेस्टर्न हे मेडिकल स्कूल डॅलस शहरात. तिथे रोजची ये-जा गाडीशिवाय कठीण. कर्जाची भीतीही मला अवाजवी वाटते, कारण टेक्ससच्या सरकारी मेडिकल स्कूलचे शुल्क रहिवाशांना देशातल्या बहुतेक ठिकाणांपेक्षा बरेच कमी पडते.

ह्यूस्टनचे डॉक्टर

शेवटचा मुद्दा बरोबर, पण तो तुमच्याच विरुद्ध जातो. टेक्ससच्या बहुतेक सरकारी मेडिकल स्कूलमध्ये बाहेरच्या राज्यांतील विद्यार्थ्यांना १० टक्क्यांहून अधिक जागा देता येत नाहीत, म्हणून बहुतेक टेक्ससकरांची मुख्य आशा इथल्याच संस्थांवर असते. आईवडील टेक्ससमध्येच राहिले तर ओहायोत शिकूनही साधारणपणे रहिवासी दर्जा जात नाही, हे आधी सांगतो. या बाबतीत लोक उगाच घाबरतात. मात्र मग ज्या दारातून तसाही प्रवेश मिळू शकतो, तिथवर पोहोचण्यासाठी २ लाख ४० हजार का मोजावेत?

माझा अनुभव सांगतो. मी एका नावाजलेल्या खाजगी विद्यापीठात शिकलो. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या वर्गात तीनशे विद्यार्थी होते. पहिल्या चाचणीत मला ४८ गुण पडले आणि त्या रात्री मी कपडे धुण्याच्या खोलीत यंत्रावर डोके टेकून बसलो होतो. मेडिकल स्कूलची प्रवेश समिती विज्ञान विषयांचा जीपीए (सरासरी गुणांक) वेगळा काढून पाहते आणि तो एकदा घसरला की सावरायला दोन वर्षे जातात. जिथे प्राध्यापक नावाने ओळखतील आणि शिफारसपत्र मनापासून लिहितील, तिथे शिकण्याचा फायदा विद्यापीठाच्या नावापेक्षा मोठा असतो. एक काळजी मात्र घ्या: शिष्यवृत्ती टिकवण्यासाठी किती जीपीए लागतो, ते पत्रातल्या बारीक अक्षरांत वाचा.

ओहायोकर

तीनशेचा वर्ग मोठ्या सरकारी विद्यापीठातही भरतो, डॉक्टरसाहेब. त्याचा खाजगीपणाशी संबंध नाही.

धागाकर्ती

हे मान्य. काल रात्री बारीक अक्षरे वाचली, अट आहे. लेकीला विचारले तर म्हणाली, "क्लीव्हलंडला बर्फ पडतो, तेवढं मला माहीत आहे." यजमान उद्या केस वेस्टर्नच्या आर्थिक साहाय्य कार्यालयाला डॅलसचे पत्र जोडून फेरविचाराची विनंती करणार आहेत. ६० चे ४० झाले तर मी हट्ट सोडेन. अशा विनंतीनंतर गुणवत्ता शिष्यवृत्ती वाढवून मिळाल्याचा अनुभव इथे कोणाला आहे का?