समोरासमोर न बसणाऱ्यांचा करार तिसरा देश कसा घडवतो?

प्रश्न (रत्नागिरी)
माझा धाकटा भाऊ मालवाहू बोटीवर आहे. २०२२ च्या हिवाळ्यात युक्रेनमधल्या ओडेसाहून मका भरून निघालेली त्याची बोट तपासणीसाठी इस्तंबूलजवळ कित्येक दिवस नांगर टाकून उभी होती आणि इकडे आई रोज रात्री फोन उशाशी घेऊन झोपत असे. रशिया-युक्रेन लढाई चालू असतानाही ती वाट खुली झाली ती तुर्कस्तानच्या मध्यस्थीमुळे, एवढे वाचले होते. परंतु जे एकमेकांचे तोंडही पाहत नाहीत, त्यांच्यात करार होतो तरी कसा?

उत्तर (गुहागर, निवृत्त चीफ ऑफिसर)
तो करार त्या दोघांत झालाच नव्हता. २२ जुलै २०२२ रोजी इस्तंबूलमध्ये युक्रेनने तुर्कस्तान व संयुक्त राष्ट्रांबरोबर एका कागदावर सही केली, आणि रशियाने तशाच दुसऱ्या कागदावर. शत्रूच्या सहीशेजारी आपली सही नको, ही दोघांचीही अडचण तेवढ्याने सुटली. पुढे तपासणीसाठी या चारही पक्षांची माणसे एकत्र नेमली गेली; म्हणजे आपल्या भावाच्या बोटीवर रशियन आणि युक्रेनियन निरीक्षक एकाच शिडीने चढले असतील. मला तरी हे फार मोलाचे वाटते. तुर्कस्तानच्या शब्दाला वजन आले, कारण काळ्या समुद्रातून बाहेर पडायची वाट असलेली बॉस्फरसची सामुद्रधुनी १९३६ च्या माँत्रो करारानुसार त्याच्या ताब्यात आहे. रशियाने जुलै २०२३ मध्ये मुदतवाढ नाकारली, तोवर सुमारे ३ कोटी ३० लाख टन धान्य व खाद्यमाल बाहेर पडला होता.

उत्तर (मालवण, इतिहास शिक्षक)
केवळ सामुद्रधुनी हाती असून भागत नाही, असे मला वाटते. तुर्कस्तान युक्रेनला ड्रोन विकत होता आणि रशियाकडून गॅसही घेत होता. म्हणजे तो निःपक्ष नव्हता, तर दोघांनाही दुरावणे परवडणार नाही असा होता. १९६५ च्या भारत-पाक युद्धानंतरही असेच झाले: जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला सोव्हिएत पंतप्रधान कोसिजिन शास्त्रीजी आणि पाकिस्तानचे अयूब खान यांच्यामध्ये ये-जा करत राहिले, तेव्हा कुठे दोन्ही सैन्यांनी ५ ऑगस्ट १९६५ पूर्वीच्या जागी परतावे असे ठरले. त्या युद्धात जिंकलेली काश्मीरमधली हाजी पीर खिंड मात्र आपल्यालाच सोडावी लागली. तो भार मध्यस्थ उचलत नाही.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. भावाला शिडीचे विचारले. पथकातले दोघे एकमेकांशी अवाक्षर न बोलता हॅचच्या, म्हणजे माल ठेवायच्या कप्प्याच्या तोंडाच्या, कडेला उभे राहून टॉर्चने मका पाहत होते, एवढे त्याला पक्के आठवते.