कोऱ्या कापडावर तेलरंग ओतला आणि भोवती पिवळी कडा आली. फ्रँकेंथेलर यांनी कसं केलं असेल?

निळीसावली (नाशिक)

नमस्कार. तीन वर्षं अमूर्त चित्रं काढतेय, बहुतेक जलरंगात, कागदावर. अमेरिकन चित्रकार हेलन फ्रँकेंथेलर यांचं ‘माउंटन्स अँड सी’ हे चित्र मी फक्त छापील पाहिलंय, पण ते डोक्यातून जात नाही. तेलरंग असून जलरंगासारखा पातळ, कापडात पार जिरलेला. आपणही मोठ्या आकारात असं करावं, असं फार मनात होतं.

दिवाळी झाल्यावर चार बाय सहा फुटांचं मांजरपाट आणलं, हॉलमधला सोफा हलवून, खाली प्लास्टिक अंथरून जमिनीवर पसरलं. तेलरंग टर्पेन्टाइनमध्ये दुधाइतका पातळ केला आणि वाटीने ओतला. त्या दिवशी फार सुंदर दिसत होतं. तिसऱ्या दिवशी बघते तर प्रत्येक निळ्या डागाभोवती बोटभर रुंद पिवळट, तेलकट कडा. वर्तमानपत्रावर भजी ठेवली की उमटते ना, तशी. शिवाय काही ठिकाणी रंग आत शिरलाच नाही, वरच्या वर सुकला.

माझं काय चुकलं? त्यांचा रंग इतका स्वच्छ कसा जिरला?

दुसराहात (पुणे)

ताई, मांजरपाट धुतलं होतं का? नव्या कापडाला खळ असते. जिथे खळ जाड तिथे रंग आत जाणारच नाही. गरम पाण्यात साबण घालून दोनदा धुवा आणि वाळवा. इस्त्री करताना स्टार्च मारू नका.

पिवळ्या कडेत तुमची चूक नाही. तेलरंग म्हणजे रंगद्रव्य आणि जवसाचं तेल. टर्पेन्टाइनने पातळ केलं की रंगाचे कण सुताच्या धाग्यांत अडकतात आणि तेल पुढे सरकत राहतं. म्हणून तर कॅनव्हासला आधी सरस किंवा जेसो (खडूसारखा पांढरा लेप) लावतात. ते नुसतं रंग वर राहावा म्हणून नसतं. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन सुकतं, त्यात आम्लं तयार होतात, आणि कोरं सुती कापड काही वर्षांत तपकिरी, ठिसूळ व्हायला लागतं. फ्रँकेंथेलर यांनी असा लेप न दिलेल्या सुती कॅनव्हासवरच तेलरंग ओतला. हे सगळं त्यांच्याही वाट्याला आलं. १९६०नंतरच्या काही वर्षांत त्या पाण्याने पातळ होणाऱ्या अॅक्रिलिक रंगांकडे वळल्या.

तुम्हीही अॅक्रिलिकच घ्या. कापडावर आधी स्प्रेने पाणी मारून ते दमट करा, नाहीतर पातळ रंग वर थेंब होऊन बसतो. नुसत्या पाण्याने फार पातळ करू नका, चिकटपणा जातो आणि सुकल्यावर बोटाला रंग लागतो. थोडं अॅक्रिलिक मीडियम (रंगद्रव्य नसलेलं अॅक्रिलिकचं चिकट द्रव) घाला. आणि टर्पेन्टाइन बंद हॉलमध्ये अजिबात नको, खिडक्या उघड्या हव्यातच.

पोटोमॅककाठी (मेरीलँड)

हे चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत मी पाहिलंय, दोनदा, आणि दुसऱ्यांदा मुद्दाम त्या कडा बघायला गेले. ताई, कडा आहेत! छापील चित्रात त्या हरवतात. जवळ गेलं की रंगाभोवती तेलाची फिकट प्रभा दिसते आणि मधलं कोरं कापडही आता कोरं राहिलेलं नाही, जुन्या पानासारखं पिवळसर झालंय. मला ते दोष वाटले नाहीत. गुलाबी आणि निळ्याच्या मध्ये तो रंगच श्वास घेतो.

चित्र जवळजवळ सव्वादोन मीटर बाय तीन मीटर आहे. त्यावर त्यांनीच घातलेली तारीख २९ ऑक्टोबर १९५२. तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या. त्या उन्हाळ्यात कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाला जाऊन त्यांनी बाहेर बसून छोटी जलरंगचित्रं केली होती. न्यूयॉर्कला परतल्यावर हे मोठं कापड जमिनीवर अंथरलं. ती दृश्यं माझ्या हातांत होती, अशा अर्थाचं त्या नंतर म्हणाल्या आहेत. जमिनीवर काम करण्याची कल्पना चित्रकार जॅक्सन पोलॉकची, पण पोलॉकच्या सर्वपरिचित चित्रांत रंगाची दोरी कापडावर बसते, इथे रंग म्हणजेच कापड झालंय. १९५३ मध्ये मॉरिस लुईस आणि केनेथ नोलंड हे चित्रकार वॉशिंग्टनहून येऊन हे चित्र पाहून गेले आणि दोघांचीही चित्रकला बदलली.

सगळ्यात जास्त वेळ मी कोळशाच्या रेषांपाशी उभी होते. रंगाखालून जाणाऱ्या, मध्येच तुटणाऱ्या, कुठे रंगाने गिळलेल्या. ओतण्याआधी त्यांनी आखलं होतं, आणि आखलेलं पाळलं नाही. तुम्ही रेषा काढली होती का?

कोरापान (कोल्हापूर)

मनापासून विचारतो. रंग ओतला की तो जाईल तिकडे जाईल. मग यात चित्रकाराचं काय?

दुसराहात (पुणे)

दादा, फ्रँकेंथेलर यांची लाकडी ठशांची चित्रं बघा. ‘मॅडम बटरफ्लाय’, २००० सालचं, तीन भागांचं. कापडावर जो डाग क्षणात पसरतो तो लाकडातून काढण्यासाठी ४६ ठोकळे आणि १०२ रंग लागले. कोणता डाग राहू द्यायचा हे त्या तिथे एकेका रंगाने ठरवत होत्या. ओततानाही डोळा तोच. स्पंज, लांब दांड्याचे ब्रश, आणि थांबायचं कुठे, हे सगळं हातात असतं. माझे विद्यार्थी इथेच चुकतात, कापड भरून टाकतात.

निळीसावली (नाशिक)

सगळ्यांचे खूप आभार. खळीचं कुणी सांगितलंच नव्हतं. काल कापड धुतलं तर बादलीतलं पाणी ताकासारखं पांढरं झालं.

आज सकाळी दमट कापडावर अॅक्रिलिक. आधी कोळशाने गंगापूर धरणाची भिंत आणि मागचा डोंगर, पाच-सहा रेषांत. मग निळा ओतला. तो डोंगराची रेषा ओलांडून वर चढला आणि मी पुसायला स्पंज उचलला होता, पण खाली ठेवला. कडा आता धुरकट आहे, तेलकट नाही. उजवीकडचा जवळजवळ अर्धा भाग कोरा आहे आणि तो भरायचा नाही असं ठरवलंय. उद्या वाळल्यावर फोटो टाकते.