प्रति: काँक्रीटच्या मॉलला कसला आलाय वारसा

साठच्या दशकातलं बंदराच्या गावातलं शॉपिंग सेंटर आणि त्यातला पब, याला हेरिटेज म्हणणं अतीच झालं असं वर म्हटलंय, ते अजिबात पटलं नाही. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ या बंदराच्या शहरातलं ट्रायकॉर्न हे शॉपिंग सेंटर बघा ना. १९६६ साली उघडलं, वास्तुविशारद ओवेन ल्युडर यांची फर्म, डिझाइन मुख्यतः त्याच फर्ममधल्या रॉडनी गॉर्डन यांचं. दुकानं, पब, थोडे फ्लॅट, पार्किंग आणि चक्क होलसेल भाजीबाजार, सगळं एकाच इमारतीत, मालाचे ट्रक रॅम्पवरून थेट वरच्या मजल्यावर चढायचे! असा प्रयोग आज कोणी करायला धजणार नाही. गळायचं, भिंतींवर काळे ओघळ यायचे, मोठी दुकानं फिरकलीच नाहीत, हे सगळं मान्य. पण १९६७ला याच इमारतीला सिव्हिक ट्रस्ट या ब्रिटिश संस्थेचं चांगल्या वास्तूंसाठीचं अवॉर्ड मिळालं आणि पुढच्याच वर्षी ती देशातल्या कुरूप इमारतींच्या यादीत गेली, म्हणजे लोकांच्या आवडीनिवडीवर वारसा ठरवायचा तर कुठल्या वर्षीची आवड धरायची?

संरक्षित यादीत घ्यायला नकार मिळाला, २००४ला पाडलं. नवीन मॉल येणार म्हणून पाडलं बरं का, आणि मी तिकडे राहायला गेलो तेव्हा त्या जागी नुसतं सपाट पार्किंग होतं, डांबर, पांढरे पट्टे आणि तिकिटाचं मशीन. फार वाईट वाटलं, दुरुस्तीचा पर्याय नीट तपासायला हवा होता.